कागदावर आटलेली विहीर

माझ्यासारखा दीडशहाणा संकेश्वरापासून निपाणीपर्यंत हुडकून घावणार न्हाय. बायकोला एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? पण न्हाय! बाईमाणसाला जमिनीतलं काय कळतंय, म्हणून गप बसलो.

हायवेला लागून माझं रान. गोदाम बांधायला गिऱ्हाईक आलतं. पण ओलिताच्या रानाला बिगरशेतीची परवानगी मिळत न्हाय, कोरडवाहू असंल तरच सूट, असं एजंट रविराज म्हणाला. "वर्धमानअण्णा, विहीर आटलीया म्हणा, काम झालं." मी लगेच मोटर काढून घरात ठेवली आन् विहिरीवर पत्रे टाकले. आत दोन पुरुष खोल पाणी, आन् मी म्हणतोय आटली!

अडचण एकच होती. विहीर निम्मी यमनाप्पाची. आमच्या दोघांच्या बापांनी मिळून खांदलेली. एक आठवडा माझी पाळी, एक त्याची. पंचनाम्याला शेजारी म्हणून त्याचीच सही लागणार होती.

"नुसतं कागदावर हाय रं," मी त्याला म्हणालो. "तुज्या पाण्याला कोण हात लावतंय?"

"अण्णा, तुमी सांगितलं म्हंजे झालं," त्यो म्हणाला. त्यानं आपलीबी मोटर काढून गोठ्यात नेऊन ठेवली. मिरचीचं पीक उभं होतं त्याचं.

पंचनाम्याला सायेब आला. आमचं घर रानातच, म्हणून झाडाखाली खुर्च्या टाकल्या. माझ्या बायकोनं, ब्राह्मीनं, सगळ्यांना चहा-पाणी दिलं. सायेबानं यमनाप्पाला विचारलं, विहिरीला पाणी हाय काय.

"न्हाय सायेब. ठणठणीत कोरडी हाय."

एवढ्यात पत्रा वाजला. बघतोय तर ब्राह्मी विहिरीवर उभी, हातात दोर आन् बारकी बादली!

आम्ही जैन. पाणी गाळूनच पितो, आन् गाळण्यात अडकलेले बारीक जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडतो. जिवाणी म्हणतो आम्ही तिला. ती वरनं ओतायची न्हाय, जीव मरतात. बादली पार पाण्याला टेकवायची, मग पालथी करायची. सायेबासाठी गाळलेल्या पाण्याची जिवाणी ती सोडत होती, जन्मभर सोडत आली तशीच. डुबुक् आवाज झाला. जैनाच्या पोटचा मी, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"काय पडलं?" सायेबानं विचारलं.

यमनाप्पाच बोलला, "बेडूक असंल सायेब. तळाला जरा चिखल हाय."

सायेब हसला. त्याला काय कळायचं राहिलं होतं? पण त्योबी रविराजच्याच गाडीतनं आलता. यमनाप्पानं सही केली.

निघताना रविराज मला बाजूला घेऊन म्हणाला, "झ्याक झालं अण्णा. विहीर कोरडी म्हणून कागदाला लागली की दोन्ही मोटरींची लाईट तुटतीया. मग गोदामवाला ती बुजवून टाकतोय."

"दोन्ही? यमनाप्पाचीबी?"

"विहीर एकच न्हवं काय?"

सायेब अजून गाडीत बसला नव्हता. एक हाक पुरली असती. मी हात जोडून निरोप दिला.

ब्राह्मीनं सगळं ऐकलं होतं. "डोळ्याला न दिसणारा जीव मरू नये म्हणून मी बादली पाण्याला टेकवते," ती म्हणाली. "आन् यमनाप्पा एवढा धडधाकट माणूस, त्यो दिसंना व्हय तुमाला?"

"गप बस गं!" मी खेकसलो. लाज वाटली की मला असाच राग येतो. ती आत निघून गेली. मी तिथंच बसलो, अंगावर कुणी शेण फेकल्यागत.

जरा वेळानं यमनाप्पा आला, खांद्यावर मोटर घेऊन. हसतच आला. "सायेबाला कसा गंडवला, अण्णा!" मग मोटर खाली ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "मिरचीनं माना टाकल्यात. या आठवड्याला पाळी तुमची हाय, पर मी पाणी सोडू काय?"

मला मान वर करून त्याच्याकडं बघवंना. तिथंच, त्याच वक्ताला सांगायला पाहिजे होतं.

"सोड की रं," मी म्हणालो. "मला काय इचारतोस? विहीर तुजीबी हाय."

त्यानं पत्रे बाजूला सारले, आन् वाकून मोटर उचलता उचलता म्हणाला, "लई उपकार झालं बघा, अण्णा."