चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

इस्पितळाच्या माहिती विभागात सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेत त्याने एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण कुणाची क्वेरी, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची संगणकाला दिलेली आज्ञा, अडली की उठायचं आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं, असा तिथे रिवाजच पडला होता. माहितीची दोन टेबलं जोडली की एकाच रुग्णाच्या चार ओळी दिसतात, तारखेत दिवस आणि महिना उलटे पडतात, बेरीज येते पण जुळत नाही, असली दुखणी म्हणजे मास्तरच्या हातचा मळ. तेच ते प्रश्न दहादा ऐकून तो वैतागला आणि त्याने सगळ्यांना दिसेल असं एक पान उघडलं, 'नेहमीच्या अडचणी व उपाय'. प्रश्न, त्याखाली उत्तर, आणि त्याखाली नुसत्या उचलून चिकटवायच्या ओळी. बघता बघता प्रश्न साठाच्या वर गेले. नवा माणूस रुजू झाला की पाणी कुठे मिळतं हे त्याला नंतर कळायचं, मास्तरचं पान आधी. मास्तरला त्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा माजही होता.

त्यातला चौदावा प्रश्न फोनवाल्या बाईंचा. इस्पितळात माणसं छातीचा फोटो काढून घ्यायला येत. फोटोत कुठे ठिपका दिसला, तर सहा महिन्यांनी त्या माणसाला परत बोलवायचं असे. ही बोलवायची यादी दर सोमवारी मास्तरच्या क्वेरीतून निघे आणि बाई एकेक नाव घेऊन फोन लावत. पण एखाद्याच्या फोनचा रकाना रिकामा असला की त्यांच्या संगणकाचा पडदा जागच्या जागी गोठायचा. मशीन बंद करा, चालू करा, पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात. बाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

मास्तरने उभ्या उभ्या क्वेरीत एक ओळ घातली. फोनचा रकाना रिकामा असेल तर ते नाव घेऊ नका. पडदा गोठायचा थांबला. बाईंनी अक्षरशः हात जोडले, आणि मास्तरने आपल्या पानावर लिहून टाकलं, 'रिकाम्या रकान्यांमुळे काम अडतं, काय करावं? उत्तर: सुरुवातीलाच गाळून टाका.'

गाळलेली माणसं कुठे गेली, हे बाईंनी विचारलं नाही. मास्तरने स्वतःलाही विचारलं नाही. वर आणखी एक मजा झाली. यादीतल्या किती जणांना बोलावलं, हा हिशेबही त्याच गाळलेल्या यादीवरून होऊ लागला, आणि आकडा झाला शंभर टक्के. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तो मोठ्या अक्षरांत छापून जिन्याजवळच्या भिंतीवर लावला. येता-जाता मास्तर त्याच्याकडे बघायचा.

मास्तरला एक मोठी बहीण होती. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सतरा. तिने शिवणयंत्रावर बसून त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि स्वतःचं राहूनच गेलं. आता ती दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची आणि अजूनही लोकांचे कपडे शिवायची. तिच्याकडे एक मोबाइल होता, तो बहुतेक वेळा बॉबिनच्या डब्याशेजारी खणात मरून पडलेला असे. मागच्या वर्षी तिचा खोकला हटेना, तेव्हा मास्तरनेच मागे लागून तिला छातीचा फोटो काढायला पाठवलं होतं. सोबत मात्र गेला नाही. त्या दिवशी त्याला कसला तरी अहवाल द्यायचा होता.

सहा-सात महिन्यांनी तिने एकदा विचारलंही होतं.

"अरे, माझ्या त्या फोटोचं काही आलं का रे?"

"बघतो," म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी खरंच यादी उघडली, ताईचं नाव शोधलं. नव्हतं. संध्याकाळी जाता जाता तिच्या दारातूनच तो म्हणाला, "नाव नाहीये यादीत. म्हणजे सगळं ठीक आहे. काही असतं तर आलंच असतं, आपली यादी चुकत नाही."

"तू बघितलंस ना? मग झालं," ताई म्हणाली आणि पुन्हा यंत्रावर वाकली.

त्यालाही आता पाच महिने झाले होते. गेल्या आठवड्यात ताईच्या थुंकीतून रक्त पडलं. डॉक्टरांनी नवा फोटो काढला, जुना मागवला, दोन्ही शेजारी शेजारी धरले. जुन्यात मसुराच्या दाण्याएवढा ठिपका होता. नव्यात तो दाण्याएवढा राहिला नव्हता.

"सहा महिन्यांनी परत या, असं इथे स्पष्ट लिहिलंय," डॉक्टर मास्तरला बाजूला घेऊन म्हणाले. "तेव्हाच आल्या असत्या तर कापून काढता आला असता. आता नुसतं औषधांवर. आल्या का नाहीत?"

मास्तर जिना उतरून आपल्या जागेवर आला. या वेळी त्याने यादी उघडली नाही, थेट मूळ टेबल उघडलं आणि ताईचं नाव टाकलं. एक ओळ आली. नाव बरोबर, वय बरोबर, परत बोलवायची तारीख बरोबर. फोनचा रकाना रिकामा.

त्या टेबलाच्या अगदी शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता. नोंदणीच्या खिडकीतला कारकून मनाला येईल ते त्यात खरडतो म्हणून मास्तरने तो कधीच कुठल्या क्वेरीत घेतला नव्हता. त्यात लिहिलं होतं, 'फोन लिहू नका म्हणाल्या. भाऊ इथेच कामाला आहे, तो सांगेल.'

मास्तरने ते दोनदा वाचलं. मग क्वेरीतली ती एक ओळ पुसली आणि क्वेरी पुन्हा चालवली. दोन वर्षांत न बोलावलेली तीनशे सात माणसं पडद्यावर आली.

साहेबांनी दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. "वाईट झालं हो, मास्तर," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत असावं. "तुमच्या घरातलंच माणूस म्हणजे... दुरुस्त करून टाका. पण येत्या सोमवारपासून. मागचं उकरत बसू नका. शंभर टक्के म्हणून आपण वर कळवून बसलोय."

"साहेब, तीनशे सात माणसं आहेत."

"कळतंय मला. पण क्वेरी कुणाची, असं वर कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"माझी म्हणून सांगा," मास्तर म्हणाला.

त्याच दुपारी त्याने ताईचं नाव सोडून तीनशे सहा पत्रं छापली आणि स्वतः नेऊन टपालात टाकली. साहेबांनी तोंड फिरवलं, ते फिरवलंच. पत्रं टाकल्यावर थोडं हलकं वाटेल असं मास्तरला वाटलं होतं. वाटलं नाही. त्यातली किती वाचायला कुणी उरलं असेल, हाच विचार डोक्यात घुमत राहिला. परत येऊन त्याने आपलं पान उघडलं. चौदाव्या उत्तराखाली एकेचाळीस जणांनी आभार मानले होते. उत्तर खोडायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की या एकेचाळीस जणांनी ते कुठे कुठे चिकटवलं असेल याची यादी त्याच्याकडे नाही.

ताईला सांगितलं नसतं तर तिला आयुष्यात कळलं नसतं. ही पळवाट मास्तरला दिसली होती, आणि त्या पळवाटेवर तो दोन दिवस बसूनही होता. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर तो तिच्याकडे गेला. ती एका सदऱ्याला काज करत होती. त्याने सगळं सांगितलं, सांगताना क्वेरी, रकाने, फोनवाल्या बाईंचा पडदा असं बरंच काही आलं. ताई ऐकत होती, सुई थांबली नव्हती.

"म्हणजे माझं नाव तुझ्या नजरेतून सुटलं?" तिने विचारलं.

"नाही गं ताई. ते नजरेसमोर येऊ नये अशी सोयच मी केली होती."

आता सुई थांबली. "आणि तू मला दारातून सांगून गेलास, सगळं ठीक आहे."

मास्तर खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागला.

"मी त्या खिडकीतल्या माणसाला किती ऐटीत सांगितलं होतं रे," ती म्हणाली. रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर मास्तरला सोसवलं असतं. तिने दोरा तोडला, सदऱ्याची घडी घातली आणि म्हणाली, "जा आता. मला स्वयंपाक करायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधोपचारासाठी नाव नोंदवायचं होतं. मास्तरने रजा टाकली आणि तिच्यासोबत गेला. खिडकीत तोच कारकून होता. त्याने नाव, वय, पत्ता टाइप केला आणि मास्तरला ओळखून हसला.

"मावशी, जवळच्या माणसाचा फोन लागतो आता. रिकामा ठेवला तर मशीन पुढेच जात नाही. मास्तरांनीच परवा तसं करून घेतलंय. यांचाच लिहू ना?"

मास्तरने खिशातून मोबाइल काढला होता. ताईने पिशवीतून एक कागदाची चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि खिडकीतून आत सरकवली.

"हा लिहा," ती म्हणाली. "शेजारीण आहे माझी. ती येऊन सांगते."