रोपोआत्याची बिलम

भाची वानेपाच्या लग्नाची बिलम, म्हणजे पट्टा कपाळाला अडकवून पाठीवर वागवायची पिशवी, रोपोआत्यानं वर्षभर विणली आणि रताळ्याच्या मळ्यातल्या खोपटात आढ्याला टांगून लपवली. भीती एकच, कौमेवहिनीची! कौमे नवरीची आई खरी, पण दुसऱ्याची नक्षी दिसली की ती उचलायला तिचे हात शिवशिवायचे.

लग्नाच्या दुपारी रोपो बिलम आणायला गेली. हात लावते तर पिशवी जड. आत हिरवा पाला ठासलेला, आणि पाल्यात खारीएवढ्या पाच-सहा तरंग्या एकमेकींवर शेपट्या टाकून गाढ झोपलेल्या. रात्रभर या झाडावरून त्या झाडावर तरंगायचं आणि दिवसा ताणून द्यायची, हाच यांचा धंदा.

"अगं बायांनो, वर्षभराचं काम ते माझं!" रोपो कळवळली.

मागोमाग कौमे आलीच. "वन्सं, आमच्यापासून लपवलीत आणि यांना बरी दाखवलीत! झटका की, त्यात काय?"

रोपोनं आत हात घातला. एकीच्या पोटावरची पिल्लांची पिशवी बोटाला लागली, त्यात काहीतरी वळवळलं. शेजारी बोटाएवढी दोन पिल्लं, डोळेही न उघडलेली. रोपोनं हात काढून घेतला.

"नाही गं बाई, माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"मग माझी पोर रिकाम्या कपाळानं जाणार?" कौमेला रडूच फुटलं.

आत्याच्या हातची बिलम कपाळाला अडकवल्याशिवाय नवरी निघाली, तर सासरी जन्मभराचे टोमणे. दोघी गावात आल्या, तर भट्टीत भाजलेलं डुक्कर पाहुण्यांना वाटून झालं होतं आणि वराकडची माणसं निघायच्या तयारीत उभी होती.

रोपोनं मान खाली घालून सगळं सांगितलं. वानेपा खो खो हसली आणि तिनं आत्याच्या पाठीवरची जुनी, ठिगळं लावलेली बिलम ओढली.

"ही दे."

"शी! रताळी वाहून पार विटलीये ती."

"लहानपणी मला हिच्यातच झोपवायचीस ना? मग हीच दे."

रोपोनं डोळे पुसत पट्टा तिच्या कपाळाला अडकवला. वराच्या आजीनं ठिगळं चाचपली. "लेकरं वागवलेली दिसतेय. आम्हाला अशीच हवी होती!"

वरात गेली तशी कौमे मळ्याकडे निघाली.

"वहिनी, कुठे?"

"नक्षी बघायला. तुमची पाठ रिकामी झाली ना? तुमच्यासाठी विणणारेय."

"थांबा, मीच दाखवते," रोपो पुढे होत म्हणाली. "पण हळू बोला हं, आत लेकरं आहेत."