बंद बटणाचं अवस्थांतर

विभागप्रमुखांना प्रयोगशाळेत सगळे पाठीमागे 'महाराज' म्हणत. आठ वर्षांत त्यांनी एकाही यंत्राला हात लावला नव्हता. यंत्राशेजारी उभं राहून फोटो काढून घेण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

त्यांच्या हाताखाली पीएचडीचं सहावं वर्ष रेटणारी बाई म्हणजे सगळ्यांची 'ताई'. तिचा सगळा जीव एका थरात अडकलेला. थर केसाहून हजारपट पातळ, जाड स्फटिकाच्या चकतीवर वाढवलेला आणि चकतीनेच ओढून ताणलेला. विजेचा दाब वाढवला की त्यातल्या अणूंची मांडणी बदलते, अवस्थांतर होतं, असा महाराजांचा दावा. पुरावा एकच: क्ष-किरणांच्या आलेखावरचं थराचं शिखर बाजूला सरकायचं. दाब उतरवल्यावर ते परत येतं का, हे बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. एवढ्यावर ताईचा प्रबंध उभा होता, आणि मंगळवारी संचालकांसमोर प्रात्यक्षिक होतं.

सोमवारी ती मोजमाप लावून जेवायला गेली. परत आली तर शिखर नेहमीसारखं सरकलेलं, आणि वीजपुरवठ्याचं बटण बंद. ती चालू करायलाच विसरली होती.

ताईने वाकून नमुना तपासला. नमुना मऊ मातीच्या गोळीवर चिकटवलेला, वरून वीज देणारी सुई टेकवलेली. सुईच्या भाराने गोळी तासभर हळूहळू दबायची, नमुना खाली जायचा आणि नुसत्या उंचीच्या फरकाने शिखर सरकायचं. तिने जुन्या आलेखांच्या मूळ, न कापलेल्या प्रती उघडल्या. चकतीचं शिखरही तेवढंच सरकलेलं! त्या ठोंब्या चकतीला कसलं आलंय अवस्थांतर? पण आलेख सुबक दिसावा म्हणून महाराजांनी तेवढा भाग कापायला सांगितला होता, आणि तिनेच तो मुकाट्याने कापला होता. महाराजांना शिव्या घालता घालता तिला स्वतःचीही किळस आली.

"सर, वीज बंद असतानाही शिखर सरकतंय."

महाराजांचा चेहरा उजळला. "विजेशिवाय? अगं, मग हा तर दुसरा शोध!"

"सर, माती दबतेय. थराला काहीही होत नाहीये."

"उद्यापर्यंत तोंड बंद ठेव. पदवी हवीय ना तुला?"

हवी होती. रात्रंदिवस तेवढंच हवं होतं.

मंगळवारी ताईने नमुना धातूच्या पट्टीवर पक्का आवळला. विजेचा दाब वाढवत नेला. शिखर जागचं हललं नाही.

"यात काय दिसायला हवं होतं?" संचालकांनी विचारलं.

"काहीच नाही, सर," ताई म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही मातीचं दबणं मोजत होतो."

महाराजांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "मी हिला पहिल्यापासून हेच सांगत आलोय."

संचालकांनी गंभीरपणे मान हलवली आणि विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणाची नोंद करायला सांगितली. ताईला हसू फुटलं. मग तिने तो न सरकलेल्या शिखराचा आलेख, चकतीच्या भागासकट, अख्खाच्या अख्खा छापला आणि खाली स्वतःची सही केली.