बेटाला वेढा घालून बसलेली

मी नदी बोलते आहे. तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही. मला पाहून ‘ही कसली नदी!’ म्हणणारी माणसे मी रोज अंगाखांद्यावरून वाहून नेते, आणि त्यांना सुखरूप उतरवतेही.

मला उगम नाही आणि संगमही नाही. कोणत्याही डोंगराने मला जन्म दिला नाही, कोणताही सागर माझी वाट पाहत नाही. करमणुकीच्या एका मोठ्या उद्यानात, चार भिंतींच्या आत, दोन खोदयंत्रांनी मला उकरले. गवंड्यांनी माझ्या तळाला सिमेंटचा गिलावा दिला आणि एका सकाळी हत्तीच्या सोंडेएवढ्या नळाने माझ्यात पाणी सोडले. माझे शेपूट माझ्याच तोंडात आहे. पंप चालू झाला की मी फिरते, बंद झाला की थांबते. करता-करविता दुसराच असतो, हे समजायला इतरांना जन्म खर्ची घालावा लागतो. मला ते रोज सकाळी नऊ वाजता, पंपाच्या पहिल्या घरघरीबरोबर समजते.

माझी खोली कंबरेइतकी. हे गुपित राहावे म्हणून दर सोमवारी एक कामगार डबाभर हिरवट पूड माझ्यात ढवळतो. तळ दिसेनासा झाला की माणसे मला आपोआप अथांग समजतात. त्या हिरवटपणाखाली एक लोखंडी रूळ आहे आणि तराफा त्यावरूनच सरकतो. तराफ्यावर सुकाणूचे मोठे लाकडी चक्र आहे खरे, पण ते कशालाही जोडलेले नाही.

षड्रिपूंपैकी पाचांचा मला फारसा उपद्रव झाला नाही. क्रोध यावा तर उसळायला जागा नाही, लोभ धरावा तर ठेवायला खिसा नाही. सहावा मात्र पाणी भरले त्याच दिवशी मुक्कामाला आला आणि अजून हललेला नाही. मत्सर. तो कोणाचा, हे सांगायला नकोच. तुम्हीही उद्यानात शिरलात की मान उंचावून त्याच्याकडेच पाहता.

माझ्या मधोमध बेट आहे. त्याच्यावर सिमेंटचा महावृक्ष, वृक्षावर लाकडी घर, पोटात दोन गुहा आणि एक दोरांचा झुलता पूल. त्याला नाव आहे, फलक आहे, फलकाला दिवे आहेत. उद्यानाच्या नकाशात माझ्या अंगावर निळा रंग तेवढा भरलेला आहे. नाव लिहायला जागा उरली नसावी.

तराफ्यावर पाऊल ठेवताक्षणी मुले विचारू लागतात, “आलं का बेट? आलं का?” आयांच्या हातातले फोन बेटाकडे वळतात. माझी पाठ थोपटावी असे कोणाच्या मनात येत नाही. येतेच तर माझ्यात खाऊचे कागद टाकण्याचे येते. मी पोहोचवायचे आणि मिरवायचे त्याने. वऱ्हाडाला घेऊन येणाऱ्या गाडीकडे कोण पाहतो? सारे डोळे नवरदेवाकडे!

आणि कप्तान? त्याच्याबद्दल मी आशा धरून होते.

तराफा चालवणाऱ्याला सारे उद्यान कप्तान म्हणत असे. तेवीस वर्षे तो माझ्या पाठीवर होता. उंच, किंचित वाकलेला, निळ्या कोटाची सोनेरी बटणे नेहमी घासूनपुसून लखलखीत. कशालाही न जोडलेले ते चक्र तो इतक्या गांभीर्याने वळवी, की कोणी दर्यावर्दी पाहता तर त्याला गुरू करता. सकाळी पहिल्या फेरीआधी तो एकटाच काठावर उभा राहत असे. टोपी काढून हातात धरी, क्षणभर थांबे आणि मग तराफ्यावर चढे. ही टोपी माझ्यासाठी काढतो की डोक्याला वारा लागावा म्हणून, हे मला तेवीस वर्षांत कळले नाही.

कारण बोलण्यात तर सारे बेटच! बेटाला वळसा घालणाऱ्या चार मिनिटांच्या फेरीत तो प्रवाशांना बेटाच्या कथा सांगे: गुहेत कोण राहत होते, वृक्षावरचे घर कोणी बांधले, खजिना कुठे पुरला. हजारो वेळा मी त्या ऐकल्या. माझा उल्लेख त्यात एकदाच येई: “हात पाण्यात घालू नका.” भक्ताने आयुष्यभर देवळाचे वर्णन करावे आणि पायरीचे नाव घ्यावे ते ‘जपून, घसराल’ म्हणायला, तसे हे.

तेविसाव्या वर्षी उद्यानात नव्या व्यवस्थापिका आल्या. बाई प्रामाणिक होत्या, हे मला पुढे मान्य करावेच लागले. त्यांनी बाहेर जाण्याच्या वाटेवर दोन मुली उभ्या केल्या. ती वाट माझ्या काठानेच जाते. मुली प्रत्येकाला विचारत, “सर्वांत जास्त काय आवडलं?” आणि मी कान देऊन ऐके. “बेट.” “बेट.” “अर्थात बेट!” एका आजोबांनी ‘ते आपलं हे...’ म्हणून बोट माझ्याकडे केले. मी काठाशी सरसावले. “...ते पलीकडचं, बेट.”

मग एके दिवशी बाई काठावर आल्या. कप्तान चक्राला तेल लावत होता.

“कप्तान, चार मिनिटांच्या वाटेसाठी लोक पाऊण तास रांगेत उभे राहतात. ही नदी बुजवून टाकू. पायवाट करू. लोक थेट बेटावर.”

“मॅडम, नदी बुजवली तर त्याला बेट कसं म्हणायचं? टेकाड म्हणावं लागेल.”

“लोकांना शब्दांशी काय करायचंय? त्यांना झाड हवं, गुहा हव्यात.”

“आणि मी?”

“तुमचे दोनच महिने राहिलेत ना निवृत्तीला? वाहनतळावर सावलीत खुर्ची देते.”

कप्तानाने तेलाची बाटली खाली ठेवली. “खुर्ची नको, मॅडम. आधी करून तर बघा. पाणी काढा, थोडे दिवस लोकांना चालत जाऊ द्या. मग काय बुजवायचं ते बुजवा.”

बाईंना ते पटले. माझा मात्र संताप झाला. माझी बाजू घ्यायची सोडून हा मलाच उघडी पाडायला सांगतो! पण नदीला मत विचारण्याची पद्धत नाही.

पाणी उपसले. सोमवारच्या पुडीने इतकी वर्षे राखलेली लाज दोन प्रहरांत गेली. माझ्या तळाशी सापडलेल्या वस्तूंचा काठावर ढीग झाला: टोप्या, चष्मे, एक बासरी, आणि कोणाची तरी पूर्ण कवळी. माझ्यावरून जाताना एवढे मोकळेपणाने हसलेले निदान एक माणूस होते, याचा तेवढाच पुरावा. माझ्या कोरड्या पाठीवर फळ्या टाकल्या आणि लोक पायी बेटावर जाऊ लागले.

बुजणार की उरणार, याचा निकाल आता त्या लोकांच्या तोंडी होता.

पहिल्याच सकाळी एक बाप आपल्या मुलीला घेऊन गेला. फळ्यांवरून खटखट चालत दोघे वीस पावलांत पोहोचले. मुलगी महावृक्षाखाली उभी राहून म्हणाली, “बाबा, बेट कधी येणार?”

“आलं की! आपण बेटावरच उभे आहोत.”

“नाही. हे अलीकडचंच आहे.”

“अगं, हेच ते. फलक वाच.”

“फलक काहीही लिहितात. मला बेटावर न्या.” आणि तिने फतकल मारली.

बापाने गुहा दाखवली, घर दाखवले, खजिना दाखवला. ती हलेना. शेवटी तिला काखोटीला मारून तो परत निघाला, तेव्हा मागून येणारी एक जाडजूड बाई नवऱ्याला म्हणाली, “एवढ्यासाठी आलो? आपल्या गच्चीवरच्या टाकीवर चढलो असतो तरी चाललं असतं.”

काय सांगू तुम्हाला माझा आनंद! मी कोरडी, भेगाळलेली, फळ्यांखाली चिरडलेली. पण मनात साखर वाटत होते. बेटाचा एकेक चाहता ओठ वाकडे करून माघारी फिरे आणि मी मोजत राही. दुसऱ्याच्या अपमानावर पोसलेले सुख किती गोड असते, आणि ते किती हलके करून सोडते, हे मी त्या दिवसांत शिकले. पण शिकले म्हणून थांबले असे नव्हे.

त्याच आठवड्यात बेटाचा एक कठडा दुरुस्त करायला म्हातारा गवंडी आला. मला घडवणाऱ्यांतला तो शेवटचा उरलेला. दुपारी तो आणि कप्तान माझ्या तळावर, बेटाच्या सावलीत, शिदोऱ्या सोडून बसले.

“कप्तान, हा बेटाचा डोंगर कुठून आणला, माहिती आहे?”

“कुठून?”

गवंड्याने बसल्या जागेवर थाप मारली. “इथून. हा खड्डा खणला, ती सगळी माती मधे ढीग करून टाकली. वरून सिमेंट लिंपलं. बाहेरून एक घमेलं नाही आणलं.”

कप्तान खो खो हसला. ज्याच्यावर मी तेवीस वर्षे जळत होते, तो माझ्याच पोटातला गोळा होता! जे माझ्यातून काढले तेच त्याच्यात भरले. दुजेपणा मुळात नव्हताच. एखाद्या साधकाला एवढे एक वाक्य पुरले असते आणि तो तिथेच तरून गेला असता.

मी तरले नाही. खरे तेच सांगते. क्षणभर डोळे निवले, आणि लगेच मनात आले, म्हणजे माझीच माती माझ्या डोक्यावर बसून मिरवते की काय! परक्याचा हेवा परवडतो. आपल्याच घरातल्याचा हेवा रात्रंदिवस उशाशी असतो.

बाराव्या दिवशी व्यवस्थापिका बाई माझ्या कोरड्या पात्रात उतरल्या. टाचांच्या बुटांनी अडखळत त्या कप्तानापाशी आल्या. हातात कागद होता.

“लोकांच्या आवडीत बेटाचा नंबर सातवा लागला. खाली फक्त वाहनतळ आहे.”

कप्तान गंभीरपणे कागदाकडे पाहत राहिला. शहाणा होता.

“हसायचं असेल तर हसा.”

“नाही मॅडम. पाणी कधी सोडू?”

“आजच. चूक माझी झाली.” बाईंनी एकवार माझ्या तळाकडे, रुळाकडे, भेगांकडे पाहिले. “आणि ते नकाशातलं... जाऊ दे, नंतर बघू.” ते त्यांनी अजून पाहिलेले नाही.

पाणी आले. मी पुन्हा कंबरेइतकी अथांग झाले. मी वाचले, आणि माझ्याबरोबर बेटही बेट झाले. माझ्या विजयाचा निम्मा वाटा त्याच्याच पदरी पडावा, हेही मला थोडे खुपलेच.

कप्तानाने आपले उरलेले दोन महिने तराफ्यावरच काढले. त्याच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या फेरीला एकच प्रवासी होती: त्याची बायको. ती याच उद्यानात कपडेखोलीत शिवणकाम करी. कोटाची ती बटणे तिनेच लावलेली. इतकी वर्षे भिंतीपलीकडे काम करून ती माझ्यावर कधी आली नव्हती. तराफ्याच्या कडेला बसून ती खाली पाहत राहिली.

बेटाचा धक्का जवळ आला. कप्तान म्हणाला, “उतर. झाडावरचं घर दाखवतो.”

“मी नाही उतरत.”

“अगं, बेट बघायला आलीस ना?”

“बेट कोणाला बघायचंय? त्याच्या गोष्टी जेवताना ऐकून ऐकून पाठ झाल्यात. मला हिला बघायचंय.”

“कोणाला?”

“हिला, खालच्या बाईला. बेटाबद्दल घरी येऊन बोलत होतात. हिच्याबद्दल तेवीस वर्षांत एक अक्षर नाही. ज्या ठिकाणी तुमचा जीव असतो, तिथलं तुम्ही बोलत नाही. तुमची आई गेली तेव्हाही असंच.”

कप्तानाने चक्र सोडले. अर्थात तराफा आपल्या वाटेने चालत राहिला.

“आणि आजारी असलात तरी इथं यायचात,” ती म्हणाली. “मी म्हटलं, निदान सवत एकदा बघावी तरी कशी आहे ती.”

“मग? कशी आहे?”

तिने बराच वेळ पाहिले. “हिरवी आहे. माझ्यासारखीच जळकी दिसते.”

दोघेही हसले. तिचे डोळे मात्र पुसावे लागले.

मी त्या फेरीत जेवढी सावकाश गेले तेवढी कधी गेले नसेन. पंपाने त्याचे श्रेय घ्यावे. आयुष्यभर मी बेटाकडे पाहून जळत राहिले आणि भिंतीपलीकडे एक बाई सुईत दोरा ओवताना माझ्याकडे पाहून जळत होती. माझ्या वाट्याला आलेले ते मौन, ज्याला मी उपेक्षा समजले, तिला संपत्ती वाटत होते. आपल्या ताटात काय वाढले आहे, हे आपल्याच पाटावरून कधीच दिसत नाही.

उतरताना तिने नवऱ्याचा हात धरला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “नेते गं. रागावू नकोस.”

आज तराफ्यावर दुसरी कोणी आहे. आवाज खणखणीत, चक्र बरे फिरवते, बेटाच्या कथा थोड्या घाईने सांगते. मुले विचारतात, “आलं का बेट?” आणि माझा जुना मत्सर अजून जागा होतो. त्यात आता एक भर पडली आहे. सकाळी पंप घरघरू लागतो, काठ रिकामा असतो, आणि मला त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा हेवा वाटतो. या वेळी कप्तान तिच्यासमोर बसून चहा पीत असेल.

वाचकहो, तुम्ही कधी देवापुढे हात जोडाल तेव्हा या गोल फिरणाऱ्या म्हातारीसाठी दोन शब्द बोला. मत्सर जावा असे मागा. तो जुना भाडेकरू आहे, सहज जायचा नाही, हे मलाही ठाऊक आहे. तो नाहीच गेला, तर एवढे तरी मागा, की ज्यांच्यावर मी जळते त्यांच्या घरचे पाणी माझ्यामुळे कधी आटू नये, आणि त्या दोघांचा चहा निवांत व्हावा.