अवसेच्या गाडीने समुद्राकडे

मित्रांनो, मी एक जुनी दिनदर्शिका आहे. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर अवघ्या एका वर्षाची. हसू नका. आमच्यात एक वर्ष म्हणजे सबंध आयुष्य असतं. जानेवारीत खिळ्यावर नवी कोरी येते आणि जुनीची रवानगी वह्यांच्या कव्हरांत, डब्यांखाली नाहीतर थेट चुलीत होते. माझं तसं झालं नाही. का झालं नाही, तेच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म नांदेडच्या एका छापखान्यात झाला. बारा पानं, वर पत्र्याची पट्टी आणि अडकवायला एक कडी. इचोड्याच्या पंढरीने आपल्या बी-बियाण्याच्या दुकानासाठी आम्हा पाचशे बहिणींना छापून घेतलं होतं. त्याच्या दुकानाचं नाव माझ्या कपाळावर आहे आणि त्याच्या खाली कापसाचं एक फुटलेलं बोंड आहे. एवढं मोठं बोंड सगळ्या आदिलाबाद जिल्ह्यात कुणाच्या शेतात आलेलं नाही, पण चित्रात यायला काय जातं! माझ्या चौकटींत मराठी तिथी आहेत, खाली बारीक तेलुगू अक्षरांत सण आहेत. पौर्णिमेला पांढरा चंद्र आणि अमावास्येला काळा. या चंद्रांचा मला फार अभिमान होता, आणि पुढे खरी गंमत त्यांनीच केली.

पंढरी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एक दिनदर्शिका देतो. पण एक मात्र तो स्वतः बोथजवळच्या गावी नेऊन देतो, त्याच्या शाळेतल्या नागोराव गुरुजींना. ती मी होते. नशीब लागतं मित्रांनो!

नागोराव गुरुजींनी मराठी शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. आता ते एक्काहत्तर वर्षांचे आहेत. घरात त्यांच्या पत्नी जयवंताबाई, शेत सांभाळणारे मुलगा-सून आणि आदिलाबादला कॉलेजात जाणारी नात दामिनी. मला स्वयंपाकघराच्या दाराशेजारी जागा मिळाली. तिथून सगळं ऐकू येतं.

काम भरपूर होतं. म्हैस कधी व्याली, सिलिंडर कधी लावला, कापूस वेचायला बाया कोणत्या दिवशी येणार, सगळं माझ्या अंगावर लिहिलं जाई. जयवंताबाईंच्या चतुर्थ्या, एकादश्या मीच सांभाळल्या. त्या हळदीच्या बोटाने तारीख शोधत, त्यामुळे माझी सगळी पानं कडेने पिवळी झाली आहेत. हेळसांडही झाली, खोटं कशाला बोलू? पेरणीच्या धांदलीत जूनचं पान नऊ जुलैपर्यंत कुणी उलटलंच नाही. तेरा दिवस तर माश्यांशिवाय कुणी माझ्याकडे फिरकलं नाही. पण रागावून कुणाचं भलं झालंय? मी आपली वाट पाहत लटकून राहिले.

ऑक्टोबरात गुरुजी डोळे तपासून आले. डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला होता आणि उजव्यातही सुरुवात होती. गेलेली नजर परत येत नाही, असलेली औषधाने टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दामिनी म्हणाली, "आबा, तुमाले समुद्र पाह्याचा होता न? दरसाली पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करून राह्यले. या हिवाळ्यात जाऊ."

"जाऊ," गुरुजी लगेच म्हणाले. "पन नुसता किनारा नाई. ओहोटीत समुद्राच्या बुडावरून चालता येते, तिथं."

दामिनीने मोबाइलवर शोधलं. गुजरातेत जामनगरजवळ सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटी लागली की पाणी मागे सरतं आणि गाईडबरोबर प्रवाळांमधून चालत जाता येतं. हिवाळा त्यासाठी चांगला. वन विभागाची परवानगी, ओळखपत्र आणि पायात बंद बूट हवेत. जयवंताबाईंसाठी इचोड्याच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले आणि अंगणात असं चालून पाहिलं की म्हैसही रवंथ थांबवून बघत राहिली.

तारीख माझ्या डिसेंबरच्या पानावरून ठरली. जयवंताबाईंनी आधी अमावास्येवर बोट ठेवून बजावलं, "अवसेच्या अलीकडं-पलीकडं काई नको." मग गुरुजींनी अष्टमीभोवती लाल पेनाने गोल केला. तिघांची तिकिटं काढून झाली. गुरुजी रोज सकाळी येऊन त्या लाल गोलाकडे पाहत. मला एवढा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता.

आठ दिवसांनी दामिनीने तिथल्या गाईडला फोन लावला. तो स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. गाईड म्हणाला, "बेटी, अष्टमी को क्यों आ रहे हो? उस दिन पानी ज़्यादा उतरता ही नहीं. अमावस के बाद के दो-तीन दिन आओ, तब देखना दरिया कहाँ तक जाता है."

गुरुजी खुर्चीत बसले ते बसलेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती-ओहोटी येते आणि अष्टमीला भांगाची, हा प्रश्न त्यांनी बत्तीस वर्षं परीक्षेत घातला होता. ज्याला आला नाही त्याचा कान पिळला होता. आणि स्वतः मात्र अष्टमीला गोल करून बसले! माझ्या चौकटीत काळा चंद्र टपोरा छापलेला होता, पण दिनदर्शिकेला तोंड असतं का? मला हसू आलं आणि त्यांची दयाही आली.

दामिनीने नवी तिकिटं शोधली. तीन जागा मिळत होत्या, पण फक्त अमावास्येच्या दिवशी निघणाऱ्या गाडीत.

"अवसेले घरातून पाय काढू देनार नाई," जयवंताबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं. "डोळ्याचं दुखनं, त्यात अवस, त्यात पानी. नाई म्हंजे नाई."

"आजी, पोळा अवसेलेच असते न? लक्ष्मीपूजन कवा असते?"

"ते घरात असते. घरातून जाऊन राह्यलो काय आपन?"

गुरुजींनी वाद घातला नाही. ते नुसते म्हणाले, "राहू दे दामिनी. अष्टमीलेच जाऊ. समुद्र तर दिसन." पण ते ज्या आवाजात बोलले त्याने जयवंताबाईंचा हात थांबला. पंचेचाळीस वर्षांचा संसार, त्यांना आवाज कळतो. "काऊन वो?" त्यांनी विचारलं. "समुद्राच्या बुडाशी तुमचं काय अडून राह्यलं?"

तेव्हा गुरुजींनी जे सांगितलं, ते त्यांनी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात ते भरती-ओहोटी शिकवत होते. पंढरीने उठून विचारलं, "गुरुजी, तुमी पाह्यला काय समुद्र?" पोरं त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. गुरुजींनी बासरच्या गोदावरीपलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पण नाही म्हणायला जीभ वळेना. ते बोलून गेले, "पाह्यला तर! ओहोटीत बुडावरून चालत गेलो होतो." सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"ते पोरगं अजून दरसाली मले कॅलेंडर आनून देते," गुरुजी म्हणाले. "गुरुजी म्हनून पाया पडते. मले त्याच्याकडं पाहवत नाई."

तव्यावरची भाकरी करपली. जयवंताबाईंनी ती उतरवली, हात पुसले आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. बोट एकेका चौकटीवरून मागे मागे गेलं आणि अमावास्येच्या आधीच्या द्वादशीवर थांबलं. "या दिवशी परस्थान ठेवू," त्या म्हणाल्या. "मंग अवसेले गाडीत बसलं तरी आपन बारशीलेच निंगालो."

मित्रांनो, प्रस्थान ठेवणं ही जुन्या माणसांची मोठी शहाणी रीत आहे. जायचा दिवस वाईट असला की आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं मानायचं. मग जाताना ती वस्तू तिथूनच उचलायची, परत घरात आणायची नाही. मुहूर्तही सांभाळला जातो आणि गाडीही चुकत नाही!

द्वादशीला जयवंताबाईंनी एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळद-कुंकू आणि गुरुजींचा सदरा बांधला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. गाईडचा नंबर आणि ओहोटीच्या वेळा दामिनीने माझ्याच चौकटींत लिहिल्या होत्या. "हे बी घेतो. ऐनवेळी इसरून जाऊ," असं म्हणून त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि रबर लावलं. अशी मी दोन घरं सोडून राहणाऱ्या मथुराबाईंकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी भिंत सोडली होती. आनंदाने माझी पानं फुगली होती.

मथुराबाईंना हे खूळ पटलं नव्हतं. "एवढी काय घाई? समुद्र काय पळून जाते काय?"

"पळूनच जाते म्हनते बाई ते पानी," जयवंताबाई म्हणाल्या. "म्हनून तर चाल्लो!"

तीन दिवस मी मथुराबाईंच्या ज्वारीच्या कणगीवर पडून राहिले. अमावास्येला दामिनीने गाठोडं आणि मला उचललं, आणि आम्ही गाडीत बसलो. आदिलाबादहून मुंबई, तिथून दुसऱ्या गाडीने जामनगर. मी दामिनीच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून होते. गुरुजी वाटभर खिडकीशी बसले. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की जयवंताबाई त्यांना हलवत.

तृतीयेला सकाळी आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. आणि काय सांगू, समुद्र तिथे नव्हता! दूरवर नुसती ओली चकचकीत जमीन आणि मधूनमधून पाण्याची डबकी. जयवंताबाई घाबरून म्हणाल्या, "आवो, गेला की काय?" गाईड हसला. "अम्मा, अभी आएगा. चलो, मेरे पीछे पीछे, और कुछ छूना नहीं."

गुरुजींनी एक हात गाईडच्या खांद्यावर ठेवला, दुसरा जयवंताबाईंच्या हातात. पाऊल टाकायच्या आधी त्यांनी वाकून ओल्या वाळूला हात लावून नमस्कार केला. मग ते चालू लागले. डबक्यात बोटभर खेकडा तिरका पळाला. गाईडने एक तारामासा दाखवला. फुलासारखं उघडलेलं काहीतरी पाण्यात डोलत होतं आणि ते फूल नसून प्राणी आहे, असं त्याने सांगितलं. गुरुजी प्रत्येक ठिकाणी गुडघ्यावर बसून, चांगला डोळा अगदी जवळ नेऊन पाहत. परतायची वेळ बघायला दामिनीने मला वाऱ्यात दोन्ही हातांनी उघडलं, तेव्हा मीही सगळं पाहिलं. माझ्या पाचशे बहिणींपैकी हे भाग्य कुणाला मिळालं असेल?

तिथे उभं राहून गुरुजींनी दामिनीला पंढरीचा फोन स्पीकरवर लावायला सांगितलं.

"पंढरी, तू सातवीत मले इचारलं होतं, समुद्र पाह्यला काय म्हनून. मी हो म्हनलो होतो. ते खोटं होतं बापा. आज पाहून राह्यलो. आता मी बुडावर उभा हावो."

पंढरी म्हणाला, आणि त्याचा आवाज दुकानदाराचा राहिला नव्हता, "खरंच मागं गेलं काय पानी, गुरुजी?"

"लई मागं. दिसतबी नाई."

"मंग ते खेकडे न् मासे पान्यासंगं काऊन नाई जात? तिथंच काऊन थांबते?"

गुरुजींनी तोंड उघडलं. बत्तीस वर्षांची सवय, उत्तर ओठांवर यायचंच. पण ते थांबले. "मले ठाऊक नाई, पंढरी," ते म्हणाले. "थांब, इथल्या मानसाले इचारून सांगतो."

"गुरुजी," पंढरी म्हणाला, "ठाऊक नाई म्हनताना तुमाले आज पैल्यांदा ऐकलं." तो हसत होता की रडत होता, ते मला कळलं नाही. गुरुजींनी फोन तसाच हातात धरला, गाईडकडे वळले आणि मोडक्या हिंदीत पंढरीचा प्रश्न विचारला. गाईड बोलत असताना ते हात बांधून उभे होते, वर्गात पोरं उभी राहतात तसे.

मित्रांनो, आता खिळ्यावर नवी दिनदर्शिका आहे. मी गुरुजींच्या लोखंडी पेटीत, त्यांच्या नकाशांशेजारी आहे. औषध नेमाने चालू आहे आणि उजवा डोळा अजून चांगला आहे. मला छापणाऱ्यांची, नेऊन देणाऱ्या पंढरीची, हळदीच्या त्या बोटाची मी फार ऋणी आहे. माझ्या बहिणींची कव्हरं करा, माझी काही तक्रार नाही. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत असेल, तर त्याचा हात धरून भिंतीपाशी न्या आणि याच वर्षाची एक चौकट त्याला स्वतःच्या हाताने भरू द्या. पुढच्या वर्षीचं पान आमच्यापैकी कुणाकडेच नसतं.