नववी खूण

लाल पेन्सिल बाईंच्या कानामागे खोचलेली असायची. ती तिथून निघाली की चिंगी ताठ बसायची. बाई म्हणजे पियानोच्या बाई. त्यांनी चिंगीला कधी मारलं नाही, मारणं सोडा, धड रागावल्याही नाहीत. त्या फक्त आकडा सांगायच्या, आणि तेवढ्याने सात वर्षांच्या पोरीची पाचावर धारण बसायची.

पद्धत त्यांची स्वतःची होती. नवी रचना शिकवायला घेतली की तिच्या कागदांवर त्या लाल पेन्सिलीने बारा खुणा करायच्या, एक ते बारा. रचना पाठ झाली की कागद कपाटात बंद. मग बाई स्वयंपाकघरात दूध तापवायला जायच्या आणि तिथून ओरडायच्या, "सात!" चिंगीने तत्क्षणी सातव्या खुणेपासून वाजवायला लागायचं. अडखळली तर सगळं पुन्हा एकपासून.

"पहिल्यापासून काय, कुणीही वाजवेल," बाई म्हणायच्या. "वाट चुकलीस तर मधूनच धरता आलं पाहिजे. मंचावर कुणी रस्ता सांगायला येत नाही."

असं म्हणणाऱ्या बाईच एकदा सांगायला आल्या.

चिंगी तेव्हा अकरा वर्षांची होती. वार्षिक परीक्षा, समोर तीन परीक्षक, मागे सगळ्यांचे आईबाप. वाजवायचा होता एक सोनाटा, पियानोची लांबलचक रचना. आता सोनाट्यात एक खोडसाळपणा असतो. सुरुवातीचे सूर शेवटाकडे परत येतात, अगदी तसेच, फक्त एका ठिकाणी डावा हात वर जायच्याऐवजी खाली उतरतो. सवयीने वर गेलात की मागे मध्यावर जाऊन पडता, आणि फिरून त्याच वळणाशी येता. चिंगी वर गेली. दुसऱ्यांदाही वर गेली. तिसऱ्या फेरीत तिला वाटलं, आता आपण यातून बाहेर पडतच नाही. सगळे घरी जातील, दिवे मालवतील, आणि आपण इथे वाजवत बसू. थांबायची हिंमत नव्हती आणि पुढचं आठवत नव्हतं. परीक्षकांच्या पेनांचा आवाज बंद झालेला तिला ऐकू आला.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "नऊ!"

सभागृह खो खो हसलं. चिंगीचा डावा हात खाली उतरला, नववी खूण सापडली आणि तिने सोनाटा संपवला. गुण कापले गेले ते गेलेच, वर बाईंना पत्र आलं की यापुढे परीक्षेच्या वेळी आत पाऊल टाकायचं नाही. बाईंनी ते पत्र चौकटीत घालून पियानोच्या वर टांगलं. बाई तशा वांडच होत्या.

त्या सोनाट्याचं नाव चिंगीने पुन्हा काढलं नाही. बाकी मात्र सगळं केलं. नाचाच्या वर्गांना साथ केली, हॉटेलांत काट्या-चमच्यांच्या खणखणाटात वाजवलं, स्पर्धांमध्ये दुसरी आली, परत दुसरी आली, एकदाची पहिली आली. प्रत्येक कार्यक्रमाला बाई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही, तशी वेळच आली नाही. पण चिंगीची पक्की समजूत होती की आपले हात चालतात ते बाई तिथे बसल्यात म्हणून. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी असलं काही सांगायची लाज वाटते.

आणि आता बाई विसरायला लागल्या होत्या. आधी किल्ल्या, मग गॅस, मग वार. गेल्या महिन्यात चिंगी भेटायला गेली, तर त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि अदबीने विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

चिंगी घरी येऊन ओक्साबोक्शी रडली. त्या रडण्यात दुःखापेक्षा भीतीच जास्त होती, आणि ते तिचं तिलाच कळत होतं. कारण रविवारी दुपारी शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात तिचा एकटीचा कार्यक्रम होता. कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेचे चिटणीस पहिल्या रांगेत बसणार होते. त्यांना पसंत पडलं तर पुढची दोन वर्षं गावोगावचे कार्यक्रम, नाही पडलं तर परत काटे-चमचे. आणि शेवटी काय वाजवायचं, ते चिटणिसांनीच कळवलं होतं. तोच सोनाटा.

"बाईंना नको नेऊस," आई म्हणाली. "भरल्या सभागृहात काहीतरी ओरडल्या म्हणजे?"

"ओरडल्या तर ओरडू देत."

"अगं, काय ओरडतील याचा काही नेम? परवा मला दूधवाला समजून तासभर भांडल्या."

"आई, त्यांना त्यांच्या खुर्चीवर बसव, तू शेजारी बस. बाकी मला काही विचारू नकोस."

"एवढी कशाला घाबरतेस गं?"

"कोण घाबरतंय?" चिंगी म्हणाली, आणि तिने रिकामाच कप तोंडाला लावला.

रविवारी पहिला भाग बरा गेला. मग सोनाटा आला. सुरुवात झाली, मध्य झाला, परतीचे सूर आले. वळण जवळ येताना चिंगी मनाशी घोकत होती, खाली, खाली, खाली. डावा हात वर गेला.

बोटं इमानेइतबारे मागे जाऊन मध्यापासून वाजवायला लागली, जणू काही झालंच नाही. दोन मिनिटांत पुन्हा तेच वळण येणार होतं. तिने मान वळवून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आईने बाईंचा हात घट्ट धरला होता. बाई छताच्या दिव्यांकडे बघत होत्या, शांतपणे, परक्या गावच्या स्टेशनावर बसलेल्या माणसासारख्या. तिथून आज काहीही येणार नव्हतं. हे समजलं तेव्हा चिंगीने मान परत पट्ट्यांकडे वळवली. अकराव्या वर्षीही ती इतकी भ्यायली नव्हती. तेव्हा निदान मागच्या बाकावर कुणीतरी होतं.

वळण आलं.

"नऊ!" कुणीतरी खणखणीत ओरडलं.

डावा हात खाली उतरला. दहा, अकरा, बारा. शेवटचा सूर दाबून धरताना चिंगीच्या लक्षात आलं की आपला घसा दुखतोय.

टाळ्या झाल्या. आतल्या खोलीत ती खुर्चीत कोसळली, तर चिटणीस दारात.

"मधला भाग तुम्ही दोनदा वाजवलात," ते म्हणाले.

"हो. चुकले."

"आणि ओरडलात."

"हो."

"बावीस वर्षं मी पहिल्या रांगेत बसतोय. त्या वळणावर चुकलेले तिघे पाहिले. तिघेही उठून गेले." त्यांनी खिशातून डायरी काढली. "पुढच्या महिन्यातल्या तारखा लिहून घ्या. ओरडणं तेवढं बंद करा."

ते गेल्यावर आईच्या दंडाला धरून बाई आत आल्या. चिंगी उठून उभी राहिली.

"मध्येच कोण ओरडलं?" बाईंनी दरडावून विचारलं.

"मी, बाई."

"काय ओरडलीस?"

"नऊ."

बाईंचा हात कानामागे गेला. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी मान डोलावली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता मी नाही आले तरी चालेल."

आणि आईकडे वळून, आपल्याला घरी सोडाल का, असं त्यांनी अदबीने विचारलं.