दोन धक्के, एकच पेटी

समुद्र चार-पाच तासांच्या अंतरावर असला, तरी संपदाचं सगळं काम बंदरांचंच होतं. शहराच्या व्हाइटफील्ड भागातली तिची कंपनी बंदरांतली यंत्रणा तपासून सरकारी समितीला अहवाल देत असे. या खेपेचा प्रश्न असा होता: एका बंदरातला एक धक्का परदेशी कंपनी चालवते आणि तिच्या क्रेन रोज देशाबाहेर माहिती पाठवतात. धोका असेल तर करार रद्द करायचा.

माहिती जात होती हे खरंच होतं, पण ती सांकेतिक असल्यामुळे वाचता येत नव्हती. एवढं पुरे, धोका आहे असा अहवाल देऊन टाक, असं तिचे साहेब पद्मनाभ म्हणाले. संपदाला मात्र चैन पडेना. जातं ते नेमकं काय?

त्या क्रेनच्या कंट्रोल पेट्या शहराच्या दुसऱ्या टोकाला बोम्मसंद्र्यात गुरुप्रसाद यांच्या कारखान्यात दुरुस्तीला येतात, हे तिला कागदांत सापडलं. समितीचं पत्र घेऊन ती तिथे गेली. गुरुप्रसादनी पेटी उघडून लॅपटॉप जोडला. सांकेतिक होण्याआधीची माहिती पेटीत तशीच वाचता येत होती. मोटरचं तापमान, तारेवरचा ताण, आणि त्याखाली उचललेल्या प्रत्येक कंटेनरचा क्रमांक आणि वजन. दुरुस्तीसाठी कंटेनरचा क्रमांक कशाला लागतो? याच बंदरातून लष्कराचा मालही जातो, हे तिला आठवलं. म्हणजे संशय खरा होता.

तेवढ्यात फळीवर तशीच दुसरी पेटी तिला दिसली.

"अण्णा, ही कुणाची?"

"शेजारच्या धक्क्याची. आपल्याच देशातल्या कंपनीची."

पत्र सगळ्या बंदरासाठी होतं. तीही पेटी उघडली. तेच क्रमांक, तीच वजनं, पाठवायचा पत्ताही तोच. माहिती धक्का चालवणारे पाठवत नव्हते. क्रेन बनवणाऱ्यानेच पेटीत ती सोय करून ठेवली होती.

पद्मनाभांनी सगळं ऐकून घेतलं. आपल्याला फक्त परदेशी कंपनीबद्दल विचारलंय, याची त्यांनी आठवण करून दिली.

"सर, त्यांना घालवलं तर नुसती पाटी बदलेल. माहिती जातच राहील."

त्यांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. मी सही करतो. समितीपुढे उत्तरं तू द्यायची."

समितीतल्या एकाने तिला विचारलं, की तुम्ही परदेशी कंपनीची वकिली करताय का. तिने दोन्ही पेट्यांतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांतली परदेशी कंपनीची कुठली ते ओळखायला सांगितलं. कुणालाच ओळखता आली नाही.

दोन महिन्यांनी आदेश निघाला. दोन्ही धक्क्यांवरून बाहेर जाणारी माहिती बंद झाली, लष्कराचा माल नौदलाच्या धक्क्यावर गेला आणि परदेशी कंपनीचा करार नव्या अटींवर टिकला. प्रश्न आपल्याबद्दल नसताना आपली पेटी उघडली, अशी तक्रार शेजारच्या धक्क्याच्या कंपनीने मात्र संपदाविरुद्ध केली आणि तिला तीन पानी खुलासा लिहावा लागला.

तो पाठवल्यावर पद्मनाभांनी तिच्याकडे पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदराची फाइल दिली. समितीच्या प्रश्नात या वेळी कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं.